अलिबागच्या नव्या बार-रेस्टॉरंट मालकांना खुलं पत्र: मासळी इथली घ्या

अलिबाग शहरात आणि वरसोली, नागाव, किहीम, आवास, मांडवा या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत बार, रेस्टॉरंट आणि कॅफे उघडलेल्या सर्व मालक-चालकांस,

सप्रेम नमस्कार.

मी इथल्या कोळीवाड्यातली. आई मासळी बाजारात बसते, तिच्या आधी आजी बसायची. मी शाळेत शिकवते, पण सुट्टीच्या दिवशी सकाळी आईच्या मदतीला बाजारात जाते. तुमच्यापैकी एक-दोघांना तिथे पाहिलं आहे. बाकीचे कधी दिसले नाहीत, आणि हे पत्र मुख्यतः त्यांना आहे.

तुम्ही आलात याबद्दल माझा राग नाही, हे आधीच सांगते. २०२० साली भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्याही नेणारी रो-रो बोट सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू उघडला. मुंबईच्या माणसाला गाडी घेऊन सकाळी निघून दुपारच्या जेवणाला अलिबाग गाठता येऊ लागलं. रेवस-करंजा पूल झाला की आणखी माणसं येतील. आलेल्या माणसाला खायला-प्यायला लागतं, बसायला जागा लागते. आम्हालाही लागते. पूर्वी शहरात बाहेर जेवायचं म्हणजे मोजक्या खाणावळी, नाहीतर परमिट रूम. बायकांनी संध्याकाळी आपापल्या निवांत बसून गप्पा माराव्यात अशी जागा शोधावी लागायची. आता शाळेतल्या आम्ही शिक्षिका महिन्याअखेरीला तुमच्याचपैकी कुणाकडे तरी जातो. आमच्या ओळखीचं एक कौलारू घर पडायला आलं होतं. ते घेणाऱ्याने पाडलं नाही. वासे बदलले, ओटी तशीच ठेवली, माजघरात टेबलं मांडली. ते घर वाचलं म्हणून आळीतल्या म्हाताऱ्यांनी त्याला आशीर्वाद दिले आहेत.

दारूबद्दलही गैरसमज नको. या किनाऱ्यावर भंडारी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या माडावर चढून माडी काढली आहे. होडीवरून आलेला माणूस संध्याकाळी घोटभर घेतो, हे मी लहानपणापासून बघते आहे. दारू तुम्ही गावात आणली असं कुणी म्हणत असेल तर त्यात तथ्य नाही. परवाना घेतला आहे, वयाची अट पाळता आहात (बिअर आणि वाइनला एकवीस, बाकी दारूला पंचवीस), तर त्यावर माझं काही म्हणणं नाही.

माझं म्हणणं तुमच्या ताटातल्या माशाबद्दल आहे.

मागच्या हिवाळ्यात आम्ही एका नव्या रेस्टॉरंटमध्ये गेलो होतो. गच्चीवर बसलं की समोर समुद्र, ओहोटी असली तर कुलाबा किल्ल्यापर्यंत उघडी पडलेली वाळू. मेनूत फिश अँड चिप्स, लेमन बटरमधला ग्रिल्ड फिश, फिश टाको. मासा कोणता ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी वाढणाऱ्या मुलाला विचारलं. मुलगा रेवदंड्याचा होता. त्याने आधी आत बघितलं, मग खालच्या आवाजात म्हणाला, "बासा आहे, मॅडम." बासा म्हणजे गोड्या पाण्यात वाढवलेला मासा. व्हिएतनामहून गोठवून येतो, आता आपल्याकडेही तळ्यांत वाढवतात. पांढरा, बिनकाट्याचा, वास नाही, चवही बेताचीच. वर्षभर जवळपास एकाच भावात मिळतो.

त्याच सकाळी बाजारात मांदेलीचे वाटे लागले होते. बांगडा इतका आला होता की दुपारी बायकांनी भाव अर्ध्यावर आणला. आईच्या टोपलीत मध्यम आकाराची करली होती. काटे फार म्हणून नव्या गिऱ्हाइकांनी तिला हात लावला नाही. त्या गच्चीपासून बाजार चालत दहा मिनिटांवर आहे. या दहा मिनिटांत काय अडतं, ते मी तुमच्यातल्या दोघा-तिघांना जाऊन विचारलं. त्यांनी सांगितलेली कारणं खोटी नाहीत. म्हणून ती एकेक करून बोलते.

पहिलं कारण उधारीचं. मुंबईचा पुरवठादार महिन्याचा हिशोब महिनाअखेरीला घेतो, बिल देतो, माल दारात आणून टाकतो. आता बाजारातल्या बाईचा दिवस बघा. होडी लागली की ती साखर-आक्षी किंवा वरसोलीला पहाटे लिलावात उभी राहते. तिथे रोख मोजावे लागतात, किंवा ओळखीवर फार तर दोन दिवस थांबतात. त्या पैशांनी टोपली भरते, बर्फ घेते, टेम्पोचं भाडं देते. तिने तुम्हाला महिनाभर उधार दिलं तर दुसऱ्या दिवशी लिलावाला काय घेऊन जायचं? पुरवठादाराकडे शीतगृह आहे आणि बँक त्याला कर्ज देते. आईकडे टोपली, बर्फ आणि कोयता. तुम्ही एका शनिवारी कॉकटेलवर जेवढं कमावता, तेवढ्यात तिच्यासारख्या दोघींचा आठवड्याचा माल येईल. उधारी तुम्हाला सोय आहे, तिला ती झेपत नाही. बाजारातल्या बायका आठवड्याच्या हिशोबाला तयार आहेत, मी विचारलं आहे. त्यापुढे ताणू नका.

दुसरं कारण आकाराचं, आणि हे मला जास्त लागतं. तुम्हाला एका ताटात मावेल असं, सगळ्या टेबलांवर सारखं दिसेल असं अख्खं पापलेट हवं असतं. अडीचशे ग्रॅमच्या आतबाहेर. सगळेच हॉटेलवाले तेवढंच मागू लागले की होडीवाल्याला लहान मासा धरण्यात फायदा दिसतो, आणि एकदाही अंडी न घातलेलं पापलेट जाळ्यात येतं. २०२३ मध्ये सरकारने पापलेटला राज्यमासा केलं. त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांना किमान आकार ठरवून दिला, की त्याहून लहान मासा पकडायचा नाही. कायदा समुद्रावर आहे, पण मागणी तुमच्या स्वयंपाकघरातून निघते. मोठं पापलेट घ्या, तुकड्या करून द्या. आमच्या घरी पाहुण्यांना तुकड्याच वाढतात आणि आजवर कुणाचा अपमान झालेला नाही.

तिसरं कारण साफसफाईचं. काटे काढून, सोलून, पातळ काप करून मासा मिळत नाही, असं एक शेफ म्हणाला. त्याचं बरोबर आहे, कारण आजवर तसं कुणी मागितलंच नाही. बाजारातल्या बायकांच्या हातात कोयता कसा चालतो ते एकदा उभं राहून बघा. सुरमईच्या पोटातली गाबोळी, म्हणजे अंड्यांची पिशवी, न फोडता अख्खी बाहेर काढणारी बाई काटा काढायला शिकणार नाही का? तुमच्या शेफने बाजारात येऊन दोन सकाळी दाखवलं तर काम होईल, आणि त्या कामाचे किलोमागे वेगळे पैसे बाईला मिळतील.

चौथं कारण मला सर्वात मोठं वाटतं. मेनू छापलेला असतो आणि समुद्र छापलेला नसतो. आज घोळ मासा येईल, उद्या येणार नाही. डोलीच्या पिशवीसारख्या जाळ्यात बोंबील, मांदेली, कोळंबी, जवळा एकत्रच येतात. सहा महिने आधी छापलेल्या कार्डावर हे बसत नाही, म्हणून मग वर्षभर एकसारखा मिळणारा बासा. यावर उपाय फळ्याचा आहे. दारात फळा लावा. लिलाव झाल्यावर त्यावर आजची मासळी लिहा, बंदराचं नाव लिहा, भाव लिहा. इथल्या जुन्या खाणावळी काय करतात? पोरगा येऊन तोंडाने सांगतो, आज बांगडा आहे, कोळंबी आहे, सुरमई नाही. गिऱ्हाईक नाराज होत नाही. मुंबईचं गिऱ्हाईकही होणार नाही. ते इतका पल्ला गाठून येतं ते किनाऱ्यावरचं काहीतरी खायला मिळेल म्हणूनच.

आता पावसाळ्याचं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीला बंदी असते. मासा त्या काळात अंडी घालतो, समुद्रही खवळलेला असतो. तरी तुमच्या कार्डावर जुलैत ताजी सुरमई असते. ती येते कुठून? पूर्व किनाऱ्याची बंदी १४ जूनला संपते, मग तिकडून बर्फात गाड्या येतात. बेकायदेशीर काही नाही. पण इथल्या समुद्रासमोर बसून ती मासळी ताजी म्हणून वाढणं मला पटत नाही. या दोन महिन्यांत आम्ही काय खातो ते विचारा. पहिल्या पावसात खाडीत चढणारी चिवणी, पोटात गाबोळी असलेली. निवटी, चिंबोऱ्या, खाडीतली कोळंबी. आणि कडक उन्हाळ्यात घरच्या बायकांनी वाळवून डब्यात भरलेलं सुकं: बोंबील, जवळा, सोडे. सोड्याची खिचडी कुणाच्या मेनूत आहे? एका कॅफेत मी ती सुचवली तर वास येईल म्हणाले. वास येतोच. तुमच्या चीजलाही येतो, आणि त्याचे लोक जास्त पैसे देतात. सोडे एक किलो करायला किती किलो कोळंबी सोलावी लागते, ते सोलणाऱ्या बाईच्या बोटांना विचारा. जुलै महिन्यात तुमच्याकडून सोड्यांची मागणी आली तर बंदीच्या काळात कितीतरी घरांत पैसे येतील.

बंदी उठल्यावरची अडचण तुमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलेली नसेल. ऑगस्टमध्ये होड्या बाहेर पडतात, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की हंगाम खऱ्या अर्थाने सुरू होतो. नेमका तेव्हा श्रावण असतो. मासळी येते आणि गिऱ्हाईक निम्मं. वर्षभरही सोमवार, गुरुवार असेच जातात. लोकांचे वार असतात, आई चार वाजेपर्यंत बसून टोपली परत आणते. तुमच्याकडे येणारे पर्यटक वार पाळत नाहीत. म्हणजे गावाचं गिऱ्हाईक नसतं त्या दिवशी तुम्ही बाजारात असायला हवं. श्रावणात आणि सोमवारी तुम्ही मासळी उचललीत तर तुम्हाला ती स्वस्त मिळेल आणि बाईचा माल वाया जाणार नाही. याहून सरळ सौदा मला सुचत नाही.

मासळीसोबत बाकीचंही बघा. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. आपल्याच तालुक्यातल्या कार्ले, खंडाळे गावांकडच्या बायका त्याच्या माळा विणून रस्त्याकडेला बसतात, आणि सॅलडमध्ये कांदा मात्र वाशीहून आलेला. जिताडा हा आमच्या जिल्ह्याचा मानाचा मासा, खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातल्या, घरच्या तळ्यात वाढवतात, जावई आला की काढतात. त्याला बारमुंडी नाव देऊन मोठ्या शहरांतली हॉटेलं काय भाव लावतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. वाल आहेत, थंडीत पोपटी आहे. भांबुर्डीचा पाला घालून मडक्यात लावलेल्या शेंगा हा पदार्थ शेतावरच खरा, पण तो लावणारी मुलं गावात आहेत, त्यांना बोलवा आणि त्याचे पैसे द्या.

माणसांबद्दल थोडं. दारावर, पार्किंगला आणि भांडी घासायला इथली मुलं, बारच्या मागे आणि शेगडीपुढे बाहेरची, असं चित्र बऱ्याच ठिकाणी आहे. बाहेरून आलेल्यांवर माझा रोख नाही, तीही पोटासाठीच घर सोडून आली आहेत. पण माझ्या हातून दहावी झालेला मुलगा चार हंगाम गाड्याच लावत असेल तर त्यात त्याचा दोष किती आणि तुमचा किती? त्याला आत घ्या. मासा कुठला हे गिऱ्हाइकाला सांगायला त्याच्याइतका योग्य माणूस तुम्हाला मिळणार नाही, फक्त ते त्याला खालच्या आवाजात सांगावं लागू नये. आणि शनिवार-रविवारच्या रोजावर त्याला लटकत ठेवू नका.

आवाजाचा नियम तुम्हाला माहीत आहे. २००० सालापासून निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल. नियमापलीकडचं सांगते. कोळ्याची झोप घड्याळावर नसते, पाण्यावर असते. आज होडी पहाटे तीनला निघणार असेल तर घरातला माणूस रात्री आठला आडवा होतो. दहा वाजेपर्यंत आवाज कायद्यात बसतो म्हणून तो त्याच्या झोपेत बसत नाही. कोळीवाड्याला लागून असलेल्यांनी तरी स्पीकरचं तोंड आत फिरवावं आणि दणका कमी ठेवावा. शेजाऱ्याला विचारलंत तर कुठल्या दिवशी होडी कधी निघते ते तो आनंदाने सांगेल.

पाण्यावरून आठवलं. ओहोटीत लोक किल्ल्याकडे चालत जातात आणि भरती लागली की अडकतात. पिऊन गेलेल्यांचं तर विचारूच नका. आमच्याकडे तिथीला पाऊणने गुणतात की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. मग सहाएक तासांनी ओहोटी. त्या दारातल्या फळ्यावर मासळीखाली भरती-ओहोटीची वेळही लिहा. ज्याने दोन पेग घेतले आहेत त्याला तुमच्या माणसाने पाण्याकडे जाऊ नका म्हणून सांगावं. गाडीचंही तेच. रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, ती ओलांडायला फार लागत नाही, आणि वडखळचा रस्ता रात्री कसा असतो ते इथे राहणाऱ्याला विचारा. गल्ल्यावर चार रिक्षावाल्यांचे नंबर ठेवलेत तर त्यांचाही धंदा होईल.

सांडपाण्यावर फार लिहीत नाही, कारण ते तुम्हाला कुणी वेगळं समजावण्याची गरज नाही. स्वयंपाकघराचं तेलकट पाणी चरबी अडवणाऱ्या टाकीतून न जाता गटारात गेलं की ते पावसाळ्यात किनाऱ्यावर उतरतं. तळून काळं झालेलं तेल पुन्हा वापरू नये म्हणून २०१८ पासून मर्यादा ठरलेली आहे. ते गटारात न ओतता गोळा करणाऱ्यांना द्या. आणि बाटल्या. माझ्या चुलतभावाच्या टाचेत जाळी सुकवायच्या जागेवर फुटलेल्या बाटलीची काच गेली, ऐन हंगामात तो घरी बसला. खलाशाला वाटणी मिळते, पगार नाही. होडीवर गेला नाही तर वाटणी नाही. ती बाटली कुणाकडची होती ते कळायला मार्ग नाही, म्हणून किनाऱ्यालगतच्या प्रत्येकाला सांगते: वाळूवर काच जाऊ देऊ नका. शनिवार-रविवारनंतर सोमवारी सकाळी आपापल्या समोरचा पट्टा झाडून घ्या.

एवढं सगळं लिहायचं कारण असं की तुम्ही जे विकता ते आमचं घर आहे. मेनूच्या पहिल्या पानावर होडीचं चित्र, भिंतीवर जुनं जाळं, बाहेर पाटीवर किनाऱ्याचं नाव. त्या होडीतली मासळी तुमच्या स्वयंपाकघरात येत नसेल तर होडी काही वर्षांत चित्रापुरतीच राहील. डिझेल महाग झालं आहे, मासळी कमी झाली आहे, बाजारात आईच्या वयाच्या बायका आहेत आणि त्यांच्या जागी बसायला मुली फारशा येत नाहीत. मीही शिक्षिका झाले. इथे पैसा येतो आहे हे डोळ्यांना दिसतं. त्यातला वाजवी भाग टोपलीपर्यंत पोहोचला तर ती जागा रिकामी होणार नाही.

बाजारातल्या काही जणींशी माझं बोलणं झालं आहे. लिलाव आटोपला की भाव आणि माशांचे फोटो फोनवर पाठवायला त्या तयार आहेत. माल दारात पोहोचवायला रिक्षावाला ठरवता येईल. वजन तुमच्यासमोर होईल. त्यांना तुमच्याकडून हवं आहे ते एवढंच: आठवड्याला पैसे, एकाच आकाराचा हट्ट नको, आणि ठरवलं की सोमवारीही घेणं. तुमच्यापैकी दोघे-तिघे पुढे आले तरी सुरुवात होईल.

बंदीच्या काळात, जूनअखेरीला, बाजारातल्या बायकांना दुपारची सवड असते आणि तुमच्याकडेही गर्दी ओसरलेली असते. तेव्हा एकदा बसू. दुपारी तीन-साडेतीनची वेळ चालेल, तुमचं स्वयंपाकघर बंद असतं त्या वेळेची. जागा तुमच्यापैकी कुणाचीही. शेफला सोबत आणा, कारण काटा आणि कापाबद्दलची बोलणी त्याच्याशीच होतील. मला कळवायचं असेल तर मासळी बाजारात कुणालाही सांगा, निरोप पोहोचतो.

आपली,
अलिबाग कोळीवाड्यातली एक शिक्षिका